चौथ्या शीलापाशी

हे मी माझ्या हाताने लिहिलं आहे. मला ते वाचता येत नाही.

थट्टा नाही करत. पेन धरलं की हात आपला चालतो. वेलांट्या-उकार चुकत नाहीत, अक्षरही पूर्वीसारखंच गोल येतं म्हणतात. पण चहा गाळून परत आले आणि हाच कागद समोर धरला, की तो कुणीतरी परक्या मुलखात लिहिलेला वाटतो. म्हणून मिलिंद, माझे मिस्टर, मला तो मोठ्याने वाचून दाखवतात आणि मी ऐकून सांगते, हे राहू द्या, हे खोडा. या वेळी ‘खोडा’ फारसं म्हणायचं नाही असं ठरवलं आहे. आयुष्यभर मी कमी बोलले, आणि जे बोलले त्यातलंही निम्मं मनात खोडून बोलले.

ज्यांच्या घरात कुणाला मेंदूचा असा झटका आला असेल त्यांच्यासाठी हे आहे. औषधांचं डॉक्टर सांगतील. मी लपवण्याबद्दल सांगणार आहे, कारण या आजारात लपवणं फार सोपं असतं. माणूस चालतो, बोलतो, भाकऱ्या थापतो. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही.

अक्षर माझंच होतं

मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक बघायचे. आलेलं पत्र नोंदवायचं, गेलेलं पत्र नोंदवायचं. त्या सकाळी डोकं जड होतं आणि उजवा खांदा दोनदा दाराच्या चौकटीला लागला होता. पित्त असेल म्हणून पाणी पिऊन जागेवर बसले. जावकच्या वहीत एक ओळ लिहिली. तेवढ्यात शिपाईभाऊ आले आणि म्हणाले, मॅडम, आत्ताचं पत्र कुणाच्या नावे गेलं, पाकिटावर टाकायचंय.

मी खाली पाहिलं.

शाई अजून ओली होती. अक्षर माझंच, शेवटच्या रेघेचा वर जाणारा झोकही माझाच. पण त्यातलं एकही अक्षर मला ओळख देईना. लग्नात एखादी बाई समोर येते, चेहरा पक्का माहितीतला असतो आणि नाव काही केल्या आठवत नाही, तसं झालं. फक्त इथे सगळा मांडवच तसला होता.

चष्मा पुसला. वही तिरकी केली. शेवटी ती त्यांच्याकडे सरकवली आणि म्हटलं, तुम्हीच बघून घ्या हो, माझे डोळे चुरचुरतायत.

हे पहिलं खोटं. आजार सुरू होऊन अजून चहाची वेळही झाली नव्हती.

दिवसभर मी तशीच बसून राहिले. घरी जाताना थांब्यावर बस येत होत्या, जात होत्या, पाट्यांवर नुसत्या किड्यामुंग्या. कॉलेजच्या एका मुलीला विचारलं, आणि तिने न विचारताच मी सांगून टाकलं की चष्मा विसरलाय. चष्मा नाकावर होता. माझी बस आली तेव्हा तिने हाताला धरून चढवलं.

घरी आल्यावर मिलिंदना सांगितलं. त्यांनी चप्पल घातलीच होती, ती पुन्हा काढलीही नाही. रिक्षा केली आणि थेट गंगापूर रोडवरचं हॉस्पिटल गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते हेच, सकाळीच का नाही आलात? मी म्हटलं, दुखत तर काही नव्हतं. त्या काही तासांत माझं किती गेलं हे आता कुणीच सांगू शकणार नाही. हे वाचून कुणी एवढं जरी घेतलं तरी पुरे आहे. दुखत नसलं तरी सांगा. वाचता-वाचता अक्षर अनोळखी झालं, बोलता-बोलता शब्द वाकडा आला, तर तिथल्या तिथे सांगा.

कोसळलेला जिना

डॉक्टर तरुण होते, आमच्या भाच्याच्या वयाचे. त्यांनी कागद पुढे केला. मनात येईल ते एक वाक्य लिहा म्हणाले. मी लिहिलं. त्यांनी कागद पालथा घातला, घरी कोण कोण असतं ते विचारलं, जेवण काय झालं ते विचारलं आणि मग तोच कागद उलटा करून म्हणाले, आता हे वाचा.

मी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, “कुणी लिहिलंय हे?”

मिलिंद खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

डॉक्टरांनी मला जे समजावलं ते अजून डोक्यात आहे. लिहिण्याची खोली शाबूत आहे, वाचण्याची खोलीही शाबूत आहे. डोळ्यांपासून वाचण्याच्या खोलीकडे जाणारा जिना तेवढा कोसळलाय. मी विचारलं, जिना परत बांधता येतो का. ते म्हणाले, जिना नाही सांगता येत, शिडी लावून बघू.

वॉर्डात सकाळी सिस्टर विचारायच्या, आज वार कुठला, आपण कुठे आहोत. ते मी फडाफड सांगायचे. समोरच्या भिंतीवर एक मोठा फलक होता. लाल अक्षरं, खाली चित्र. पडल्या-पडल्या मी त्याच्याकडे बघत राहायचे, जणू आज नाही तर उद्या तोच बोलेल. तिथल्या मावशींनी ते पाहिलं असणार. लादी पुसता-पुसता म्हणाल्या, “ताई, त्यात काय वाचन्यासारखं नाय. हात धुवा म्हून लिवलंय.”

त्यावर मी इतकी रडले की सिस्टर धावत आल्या. हॉस्पिटलात आल्यापासून रडले नव्हते. ‘हात धुवा’ला रडले.

मावशी बिचाऱ्या घाबरल्या. दुसऱ्या दिवसापासून येता-जाता मला वाचून दाखवायला लागल्या. हे ‘बाहेर’ लिवलंय, हे ‘शांतता’ लिवलंय, हे कुनाचं तरी नाव हाय, मला बी येत नाय.

मुकं शहर

ज्याला वाचता येतं त्याला कळत नाही की तो दिवसभर किती वाचतो. ठरवून नाही. नजर पडली की वाचलं जातंच. द्वारका चौकापासून सीबीएस बसस्थानकापर्यंत जाताना दुकानांच्या पाट्या, टेम्पोमागच्या ओळी, भिंतीवरचं ‘येथे थुंकू नये’, भेळेच्या कागदावरची जुनी बातमी. शहर माझ्याशी एवढं बडबडत होतं आणि मला वाटायचं मी शांत बसले आहे. आता खरंच शांत झालं होतं.

मला कादंबरीची आठवण यायची नाही. आठवण यायची ती न मागता मिळणाऱ्या वाचनाची. मिठाच्या पुडीवरचं. औषधाच्या बाटलीवर बारीक लिहिलेलं. सकाळी पेपर उघडताना ओळीवरून नजर घसरत जायची ना, पायरीवरून पाय उतरावा तशी, त्या घसरण्याची. पेपर मिलिंदनी बंदच केला. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगितलं की महाग झालाय. रोज सकाळी मी त्यांना त्यातलं वाचून दाखवायचे, म्हणून पेपर घरात नको होता.

कारण आईंना आम्ही खरं सांगितलंच नव्हतं. डोक्यात थोडी गाठ झाली होती, गोळ्यांनी विरघळली, एवढंच सांगितलं. त्यांचं वय, त्यांचा जीव. शिवाय त्यांना लिहिता-वाचता येत नाही. मनात आलं, त्यांना कळणार तरी कसं? हे वाक्य मिलिंदना खोडायचं होतं. मी राहू द्या म्हटलं.

पुढे बसायची जागा

आमच्या कॉलनीत छोटं बुद्धविहार आहे. वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तिथे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. ही प्रथा माझ्या सासऱ्यांनी घातली. ते कामगार होते, अक्षरओळख प्रौढपणी झालेली, एक-एक शब्द बोट ठेवून वाचायचे आणि लोक शेवटपर्यंत बसायचे. ते गेल्यावर ती जागा माझ्याकडे आली. आई खांबाला टेकून बसायच्या आणि कुणी नवीन आलं की हळूच सांगायच्या, आमची सून वाचती.

या वर्षी आषाढ आला तेव्हा मिलिंद म्हणाले, वाचन दुसऱ्या कुणाकडे दे. मी नाही म्हटलं. ते पुन्हा म्हणाले तेव्हा मी ताट ठेवून उठले. माझ्याकडून नोकरीची खुर्ची गेली होती, निदान रजेपुरती तरी. पेपर गेला होता. ती एक बैठक राहिली होती. ती मी सोडली असती तर माझ्यातलं वाचणारं माणूस मेलं आहे हे मला स्वतःलाच जाहीर करावं लागलं असतं.

मग मी एक युक्ती केली. ग्रंथ मोबाइलवर ऐकायला मिळतो. सकाळी स्वयंपाक करताना कानात वायर घालून त्या दिवसाचा भाग ऐकायचा, आणि संध्याकाळी ग्रंथ समोर उघडून, ओळींवरून बोट फिरवत, आठवेल तसा म्हणायचा. इतक्या वर्षांचं वाचन होतं. मधे-मधे समजावून सांगायची माझी पद्धतही होती, त्यामुळे शब्द इकडचा तिकडे झाला तरी खपून जायचं. पान कधी उलटायचं एवढंच अवघड होतं. फार लवकर नको, फार उशिरा नको.

पण वाचनाआधी त्रिशरण-पंचशील होतं. सगळे हात जोडून एका सुरात म्हणतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं. रोज संध्याकाळी मी ते सगळ्यांच्या पुढे बसून, सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणायचे, आणि लगेच खाली बघून खोटं बोलायला सुरुवात करायचे. चोराने निदान देवळाबाहेर चोरी करावी.

आणखी एक सांगायचं राहिलं. हॉस्पिटलमध्ये ज्या मॅडमकडे मला वाचनाच्या उपचारांसाठी पाठवलं होतं त्यांनी शिडी दाखवली होती. डोळ्यांना कळत नाही तर हाताला विचारा, असं त्या म्हणायच्या. अक्षर बघायचं आणि त्याच्या वळणाने तळहातावर बोट फिरवायचं. हाताची ओळख अजून पक्की होती. बोट फिरलं की अक्षर उमगायचं. रोज घरी सराव करा, त्याशिवाय होणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. मी केला नाही. आईंनी विचारलं असतं, हे हातावर काय काढतेस? लपवण्यापायी मी बरं होणंही पुढे ढकललं.

मनाचं पान

त्या दिवशी सकाळी तपासणी होती आणि मोबाइल दिवसभर मिलिंदच्या खिशात राहिला. काही ऐकणं झालं नाही. भगवंतांना भेटायला आलेल्या वेगवेगळ्या लोकांचं प्रकरण चालू होतं. एक-दोन भेटी आठवत होत्या, त्या मी सांगितल्या. मग कोरं झालं. समोर ओळीच ओळी, शिरोरेघेला लटकलेल्या, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या. लोक वाट बघत होते. माझी नजर वर गेली ती आईंवर पडली.

माझा धाकटा दीर विकास दुचाकीच्या अपघातात गेला त्याला बरीच वर्षं झाली. भाजीचा टेम्पो चालवायचा. भिंतीवर त्याचा फोटो आहे, आई रोज पुसतात. पण घरात त्याचं नाव कुणी काढत नाही. असं कुणी ठरवलं नव्हतं, असं मी सांगायचे. खरं तर ते मीच केलं. सुरुवातीला आई त्याचं काही सांगायला लागल्या की मी विषय बदलायचे. औषध घेतलं का, चहा टाकू का. त्यांना त्रास नको म्हणून. मलाही नको म्हणून.

माझ्या तोंडून निघालं, एक आई आली होती. तिचा मुलगा गेला होता. ती काही मागत नव्हती, नुसती बसून होती. भगवंतांनी तिला उपदेश केला नाही. त्यांनी विचारलं, तुझा मुलगा हसायचा कसा?

पुढचं सुचेना. मी पान उलटलं. मग म्हटलं, ती सांगू लागली, आणि दिवस मावळेपर्यंत ते ऐकत बसले.

परत येताना आईंनी माझा दंड धरला होता. चालता-चालता त्या बोलायला लागल्या, माझ्याशी की रस्त्याशी कळेना. “आधी त्याचं खांदं हलायचं. नुसतंच. आपल्याला वाटायचं ठसका लागला का काय. मागनं आवाज यायचा, लय येळानं. इंजन चालू व्हावं तसा.” कोपऱ्यापर्यंत त्या बोलत होत्या. दारात आल्यावर म्हणाल्या, “ग्रंथात एवढं समदं लिवलंय, आन् मला ठावंच नाय.”

इंग्लिश मिडियम

त्या दिवसानंतर आई बदलल्या. फोटो पुसताना पुटपुटायच्या. ‘ते पान परत वाच’ म्हणून माझ्या मागे लागल्या. मी आज-उद्या करत राहिले. समारोपाला, आश्विन पौर्णिमेला, तेच पान सगळ्यांपुढे वाचायचं असं त्यांनी विहाराचे सचिव सोनवणेकाका यांना परस्पर सांगूनही टाकलं.

मग त्या शेजारच्या रियाला घेऊन विहारात गेल्या. रिया कॉलेजला जाते, साधी मुलगी. तिने ते प्रकरण पुढून वाचलं, मागून वाचलं. शेवटी म्हणाली, आजी, नाहीये ओ यात असं काही.

आई घरी आल्या त्या रागानेच. मी आणि मिलिंद चहा घेत होतो. रिया मागून आईंची पिशवी घेऊन आली होती.

“हिला वाचता येत नाय,” आई म्हणाल्या. “इंग्लिश मिडियमची ना ती. पैसं वाया गेलं हिच्या बापाचं.”

“आजी, मी दोनदा वाचलं.”

“धा येळा वाच. तुझे डोळे हायेत पर ध्यान नाय.”

रियाचा चेहरा पडला. ती पिशवी ठेवून निघाली आणि दारात थांबून मला म्हणाली, काकू, तुम्ही मला पान दाखवाल का, मला खरंच नाही सापडलं. तिला स्वतःचाच संशय आला होता. त्या घरात वाचता न येणारी मी होते, आणि वाचता येत नाही म्हणून बोलणी ती खात होती.

मिलिंदनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, दाखवते गं उद्या.

तो उद्या मला फार जड गेला.

लसूण

सकाळी आई लसूण सोलत होत्या. मी समोर बसले. एक-दोन पाकळ्या सोलल्या. मग म्हटलं, “आई, ते पान ग्रंथात नाही.”

“हाय. मी माझ्या कानानं ऐकलंय.”

“मी वाचलं नव्हतं. मला वाचता येत नाही. दवाखान्यापासून.”

त्यांनी माझ्या डोळ्यांपुढे हात हलवला. “दिसतंय ना तुला?”

“दिसतं. वाचता येत नाही.”

“माझ्यावानी?”

“तुमच्यासारखंच.”

त्या बराच वेळ एकच पाकळी सोलत राहिल्या. तिचं साल निघून गेलं होतं तरी.

“मंग भगवंतानी त्या बाईला नाय ईचारलं?”

“नाही. ते मी मनाचं घातलं.”

“म्हंजी तू ईचारलं.”

“हो.”

“मंग तुझ्या तोंडानं ईचारायचं ना,” आई म्हणाल्या. “इतकी वर्सं एका घरात ऱ्हातो आपन.”

आवाज चढला नव्हता. ताटली उचलून त्या गॅलरीत गेल्या आणि उरलेला लसूण तिकडे बसून सोलला.

त्याच संध्याकाळी मी विहारात सांगितलं. पंचशील चालू झालं. चौथ्या शीलापाशी माझा आवाज बंद पडला. बाकीच्यांनी ते म्हटलं, पाचवंही म्हटलं, आणि मी नुसते हात जोडून बसले. मग उभी राहिले आणि सगळं सांगितलं. आजार, कानातली वायर, मनाचं पान. रियाचं नाव घेऊन सांगितलं की तिने बरोबर वाचलं होतं. सोनवणेकाका म्हणाले, आजाराची लाज कुणी बाळगू नये, पण ग्रंथ तो ग्रंथ. मागून एका बाईंनी विचारलं, मग इतके दिवस आम्ही ऐकलं त्यातलं ग्रंथातलं कुठलं आणि तुमच्या पदरचं कुठलं? मी म्हटलं, ते एक पान सोडून बाकी माझ्या आठवणीप्रमाणे ग्रंथातलंच. त्यांचं समाधान झालं नाही. त्या अजून माझ्याशी तुटक बोलतात. त्यांचं बरोबर आहे.

त्या दिवसापासून रिया वाचते. जोडाक्षरांना अडखळते, ‘श’ आणि ‘ष’ सारखेच म्हणते. मी आता लोकांमध्ये बसते. ती पान उलटते तेव्हा माझी बोटं मांडीवर आपोआप हलतात. वर्षानुवर्षं मी त्या जागेवर बसले आणि हे कधी पाहिलं नव्हतं की वाचणाऱ्याच्या तोंडाकडे लोक कसे बघतात. तहानलेल्याने माठाकडे बघावं तसे. मीही तशीच बघते.

ढकला

आईंचा अबोला मोजका होता. मीठ दे, दार लाव, कुकरची शिट्टी झाली. आमची सून हे शब्द बंद झाले. मिलिंद मधल्या मधे दोन्हीकडे हसून बघायचे आणि दोन्हीकडून हरायचे.

पण आता लपवायचं काही नव्हतं. पेपर परत सुरू केला. सकाळी मथळा समोर ठेवायचा आणि तळहातावर बोट फिरवायचं, सगळ्यांदेखत. ‘क’ लवकर आला. ‘ख’ने फार छळलं, तो मला सारखा र आणि व असा सुटा दिसायचा. मॅडम म्हणायच्या, घाई नको, एका वेळी एकाला घरात घ्या.

एका तपासणीनंतर हॉस्पिटलच्या काचेच्या दाराशी आले तर दारावर काही लिहिलं होतं. मी तिथेच उभी राहून तळहातावर बोट चालवायला लागले. मागे माणसं साचली. कुणीतरी वैतागून म्हणालं, अहो बाई, ढकला ना.

तेच लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं, त्याने सांगायच्या क्षणभर आधी. मिलिंद शपथ घेऊन सांगतात की मी ‘ढ’ आधीच म्हटला होता. मी दार ढकलून बाहेर आले आणि गंगापूर रोडच्या फूटपाथवर उभी राहून हसत सुटले. समोर एवढ्या पाट्या होत्या, एकही कळत नव्हती, आणि पहिल्यांदाच मला त्यांची भीती वाटली नाही. हाक मारतील एकेक.

अजूनही माझं वाचन एवढंच आहे. एक मथळा वाचायला भाजी शिजून होते. ऑफिसने मला टपाल वाटण्याचं काम दिलं आहे, पाकिटावरचं नाव शेजारची वाचून सांगते. पूर्वीसारखी नजर घसरत जाणं परत येईल का, हे डॉक्टर सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. पण झोपेत अजून मी भराभर वाचते. काय वाचते ते जाग आल्यावर आठवत नाही, नुसता वेग आठवतो.

आधी येणारी खूण

समारोप जवळ आला होता. दुपारी मी गॅलरीत पेपर घेऊन बसले होते. आई आल्या आणि समोर पाटावर बसल्या. माझ्या बोटाकडे बघत राहिल्या.

“ह्यो काय पोरखेळ?”

मी सांगितलं. डोळ्याला कळत नाही ते हाताला कळतं. म्हणून हातावर लिहायचं.

“दुसऱ्याच्या हातावर लिवलं तर त्याला कळतं का?”

“शिकवलं तर कळेल.”

आईंनी पदराला हात पुसला आणि तळवा माझ्यापुढे धरला. “त्याचं नाव लिव.”

कुणाचं ते विचारायची गरज नव्हती. त्यांचा तळवा खडबडीत, लसणाचा वास अजून होताच. मी बोट टेकवलं आणि उभी काठी ओढली.

“थांब. ही कोन?”

“ही वेलांटी, आई. ‘वि’ची.”

“पर वि अजून आलाच नाय.”

“बोलताना ती मागून ऐकू येते. लिहिताना आधी काढायची.”

आई विचारात पडल्या. मी ‘व’ काढला, वरून वळण दिलं, मग ‘का’, मग ‘स’. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. संपल्यावरही तळवा तसाच होता.

“म्हंजी त्याच्या हसन्यावानीच,” त्या म्हणाल्या. “खांदं आधी. आवाज मागनं.”

आणि त्यांचे खांदे हलायला लागले. नुसतेच. मला वाटलं रडतायत, मी पाणी आणायला उठत होते, तेवढ्यात आवाज आला. विकासचं हसणं कुठून आलं होतं ते मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, कारण इतक्या वर्षांत मी आईंना हसू दिलं नव्हतं.

हसणं ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि तळवा पुन्हा सरळ केला. “परत लिव.”

मी बोट टेकवलं. चहा टाकू का, हे शब्द सवयीने ओठांवर आले होते, ते गिळले.

“आई,” मी विचारलं, “अगदी लहान होता तेव्हाही तो असाच हसायचा का?”

त्यांनी हात मागे घेतला नाही. माझं बोट तसंच तळव्यावर ठेवून घेतलं आणि सांगायला लागल्या.